ब्रिस्बेनहून पत्र : तीन लाख किलोमीटर पळालेली गाडी

ब्रिस्बेन, जुलै

ऑस्ट्रेलियात जुनी फोर बाय फोर विकायला काढणारा माणूस तीन लाख किलोमीटरचा आकडा लपवत नाही, उलट जाहिरातीत ठळक छापतो. टोयोटा लँडक्रूझरची 80 सिरीज, निसानची पॅट्रोल ही नव्वदच्या दशकातली धुडं इथे अजून रोज रस्त्यावर दिसतात. नीट राखलेली असली तर त्यांचा भाव उतरत नाही, चढतो. तावडे हॉटेलच्या चौकात वडापच्या ट्रॅक्स बघत वाढलेल्या उचगावकरांना यात नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडच्या जीपगाड्यांनीही वय आणि माणसं कधी मोजली नाहीत. फरक असा, की आपल्याकडे अशी गाडी पोटासाठी पळायची. इथे आठवडाभर ऑफिसात बसणारा माणूस शुक्रवारी संध्याकाळी बायकामुलांना आणि तंबूला तिच्यात कोंबतो आणि वाळूत नाहीतर डोंगरात निघून जातो.

या वेडाला भूगोलाचा आधार आहे. देश भारताच्या दुपटीहून मोठा आणि वस्ती पावणेतीन कोटींच्या आसपास, तीही बहुतेक किनाऱ्याला चिकटून. आत शिरलं की डांबर संपतं. जपानी गाड्या इथे रुजल्या त्या स्नोई माउंटन्सच्या प्रचंड जलविद्युत प्रकल्पावर. त्याचं काम 1949 ते 1974 असं पाव शतक चाललं. लेस्ली थीस या कंत्राटदाराने 1950च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या चिखलातल्या कामासाठी लँडक्रूझर आणल्या. त्या टिकल्या, मग शेतकऱ्यांनी घेतल्या आणि तिथून त्या घराघरांत आल्या. हल्ली इथल्या शेतांवर महिंद्राचे पिकअपही भेटतात. ओळखीचं नाव दिसलं की मान आपोआप वळते.

जुनी गाडी घेताना आपल्याकडे सगळ्यात मोठी धास्ती कागदांची. इथे त्यावर सोपा उपाय आहे. केंद्र सरकारच्या एका नोंदवहीत दोन डॉलर भरून चेसिस नंबर टाकला की गाडीवर कर्ज आहे का, ती चोरीची आहे का, अपघातात निकालात काढलेली आहे का, हे लगेच कळतं. क्वीन्सलँड राज्यात नोंदणी असलेली गाडी विकायला काढताना तिच्यावर सेफ्टी सर्टिफिकेट लावावंच लागतं. खाजगी विक्रेत्याचं हे सर्टिफिकेट दोन महिने किंवा 2,000 किलोमीटर, जे आधी संपेल तोपर्यंत चालतं. पण त्यावर विसंबून राहू नये. ते ब्रेक, स्टिअरिंग, टायर, दिवे, काच आणि बॉडीचा गंज बघतं. इंजिनात किती जीव उरलाय, हे बघत नाही. शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये पाच वर्षांपुढच्या गाडीची दरवर्षी तपासणी होते. क्वीन्सलँडमध्ये खाजगी गाडीला तसं काही नाही, एकदा घेतली की तुम्ही आणि तुमची गाडी. म्हणून जाणता गिऱ्हाईक बॉनेट उघडण्याआधी जमिनीवर आडवा होतो आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने चेसिस ठोकत जातो. समुद्राच्या वाळूत फिरलेली गाडी वरून कितीही चकचकीत असली तरी आतून पोखरलेली असू शकते.

आता दुरुस्ती. इथे मेकॅनिकचा दर तासाला दीडशे डॉलरच्या आसपास, म्हणजे आठ हजार रुपयांच्या पुढे. आपल्याकडे पार्ट महाग आणि हात स्वस्त, इथे नेमकं उलटं. शनिवारी गल्लीतून चक्कर मारली तर दर चार-पाच घरांत कुणीतरी गाडीखाली सापडतो. त्यात हौस असते, पण खरं कारण हा दर. दुकानात बऱ्याच मॉडेलांची छापील रिपेअर मॅन्युअल मिळतात, जुन्या गाड्यांचे पार्ट भंगारवाल्यांच्या मोठाल्या यार्डात मिळतात आणि अडलं तर फोर व्हील ड्राइव्ह क्लबातला एखादा निवृत्त माणूस हौसेने येऊन उभा राहतो.

आमच्याकडे 1996ची 80 सिरीज आहे, 4.2 लिटरच्या सहा सिलिंडर डिझेल इंजिनाची. टायमिंग बेल्ट एक लाख किलोमीटरला बदलायचा, पाण्याचे होज आणि बुश वयाप्रमाणे बदलायचे, ही नेहमीची कामं. खरी मजा पुढच्या अॅक्सलची. या गाडीला पुढेही सरळसोट भरीव अॅक्सल असतो आणि चाक वळतं तिथे एक गोल हाउसिंग, त्यात किंगपिनची दोन बेअरिंग आणि मधोमध ग्रीसमध्ये बुडालेला जॉइंट. आतलं ऑइल सील म्हातारं झालं की डिफरन्शियलचं तेल हाउसिंगमध्ये येतं, ग्रीस पातळ होतं आणि चाकाच्या आतल्या बाजूने काळा रस्सा ओघळू लागतो. मग चाक, कॅलिपर, हब काढायचा, जॉइंट बाहेर ओढायचा, सगळं डिझेलने धुवायचं. नवं सील ठोकायचं, बेअरिंग बसवायची, शिम घालून ताण जुळवायचा. तो ताण बरोबर आहे का, हे बघायला साधा ताणकाटा लावतात. काट्याचा आकडा हाउसिंग ओढून फिरवताना पडणारा जोर दाखवतो. जोर कमी पडला तर स्टिअरिंग थरथरतं, जास्त झाला तर बेअरिंग खातं. विलीज, एमएम 540 किंवा जिप्सी खोललेल्या आपल्याकडच्या कुठल्याही मिस्त्रीला हे काम नवं नाही. त्याने मात्र ताणकाटा मागितला नसता, हातानेच सांगितलं असतं. आणि बरोबर सांगितलं असतं, असं माझं मत आहे.

दुरुस्ती संपली की सजावटीचा मोह सुरू होतो, आणि इथले लोक त्यात आपल्यापेक्षा काकणभर पुढेच आहेत. मेलबर्नच्या एआरबीसारख्या कंपन्या त्यावरच मोठ्या झाल्या. पुढे लोखंडी बुल बार, विंच, टपावर कॅरियर आणि छत, मागे फ्रिज, फ्रिजसाठी दुसरी बॅटरी. एकेक वस्तू घेताना कुणी वजन विचारत नाही. पण सगळ्या चारचाकींना कंपनीने ठरवलेली एकूण वजनाची मर्यादा असते. त्यातून गाडीचं स्वतःचं वजन वजा केलं की अशा गाडीत माणसं आणि सामान मिळून उरतात सहा-सातशे किलो. चौघांचं कुटुंब, भरलेल्या टाक्या, पाण्याचे कॅन आणि तंबू धरा, निम्म्याहून जास्त संपले. त्यावर बार आणि विंच लटकवली की गाडी कायद्याने ओव्हरलोड, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. म्हणून शहाणे लोक आधी चांगले ऑल टेरेन टायर आणि वजनाला साजेसे स्प्रिंग-शॉकअब्सॉर्बर घालतात, बाकीचं नंतर.

कुटुंब न्यायचं तर मागच्या सीटचाही हिशोब आला. सात वर्षांखालच्या मुलाला मान्यताप्राप्त चाइल्ड सीट किंवा बूस्टर सक्तीचं. सीटचा वरचा पट्टा गाडीच्या सांगाड्यातल्या मूळ बोल्टला अडकवायचा असतो. जुन्या गाडीत तिसरी रांग नंतर बसवली असेल तर हे बोल्ट आधी बघावे लागतात. आणि सीटच्या मागे लोखंडी जाळी लावतात. जोराचा ब्रेक लागला की डिकीतला गॅस सिलिंडर मुलांच्या डोक्यावर येऊ नये, एवढ्यासाठी. ही जाळी फोटोत दिसत नाही, म्हणून नवखे ती टाळतात.

मला या देशाची एक गोष्ट मनापासून पटते : बदल करू नका, असं सरकार म्हणत नाही, किती करायचा ते मिलिमीटरमध्ये सांगतं. क्वीन्सलँडमध्ये सस्पेन्शनने 50 आणि टायरने 25, अशी एकूण 75 मिलिमीटर उंची परवानगीशिवाय वाढवता येते. त्यापुढे मान्यताप्राप्त तज्ज्ञाने तपासून गाडीवर मॉडिफिकेशन प्लेट ठोकावी लागते. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019चा निकाल पाहिला तर मूळ रचना बदलायलाच बंदी. क्रॅश गार्डवर तर 2017च्या डिसेंबरातच केंद्राने बोट ठेवलं होतं. ते योग्यच होतं, पादचाऱ्यांच्या गर्दीत लोखंडी बार जीवघेणा. इथे तिन्हीसांजेला रस्त्यावर कांगारू उडी मारतो, म्हणून बार चालतो, पण तोही एअरबॅगशी जुळणाराच हवा. आपल्याकडे मात्र बंदी कागदावर आणि उंच केलेल्या गाड्या रस्त्यावर, असं झालं आहे. काम चांगलं की वाईट, हे तपासणारं मधे कुणीच नाही.

वाळूत गाडी चालवणं हा इथला कौटुंबिक सणच. ब्रिस्बेनच्या उत्तरेला क'गारी नावाचं जगातलं सर्वांत मोठं वाळूचं बेट आहे. फ्रेझर आयलंड हे जुनं नाव जाऊन 2023मध्ये बुचुल्ला या मूळ रहिवाशांचं नाव अधिकृतपणे परत आलं. तिथला 75 माइल बीच हा कायद्याने रस्ता आहे : ताशी 80 किलोमीटरची मर्यादा, सीट बेल्ट, ईस्टरच्या सुट्टीत दारू तपासायला पोलीसही. परमिट आधी काढायचं, भरतीचं वेळापत्रक बघायचं आणि वाळूवर उतरण्यापूर्वी टायरची हवा 18 पीएसआयच्या आसपास आणायची. टायर लांबट पसरतो आणि गाडी तरंगल्यासारखी जाते. निम्मी अडकलेली माणसं फक्त हवा न सोडल्यामुळे अडकलेली असतात.

अडकलेली गाडी ओढायला आपल्याकडे नाडा किंवा साखळी. इथे नायलॉनचा ताणला जाणारा पट्टा असतो, तो रबरासारखा जोर साठवतो. तो ट्रेलरच्या टो बॉलला कधीही अडकवू नये. बॉल तुटून गोळीसारखा उडतो, आणि त्यात इथे माणसं मेलेली आहेत. चेसिसला बोल्ट केलेला, वजन छापलेला हूक दोन्ही गाड्यांना असला तरच ओढायचं आणि पोरांना लांब उभं करायचं. घरी आलं की खालून तासभर गोड्या पाण्याने धुलाई, मिठामुळे गंज चढायला आठवडाही पुरतो.

उचगावहून फोन आला की एक प्रश्न हमखास : "भावा, तिकडं जुन्या गाड्या लई मिळत्यात म्हणं, एक धाड की इकडं!" उत्तर सरळ आहे. भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, आणि त्यावर आयातकराचा डोंगर. आमची 1996ची इथेच राहणार. तुम्हालाच यायचं असेल तर जून ते ऑगस्ट या थंडीच्या दिवसांत या, आणि क'गारीचं परमिट निघण्याआधी तारखा कळवा.