इयोब, अहाब आणि पांढरा देवमासा

ओमानच्या दक्षिणेस, धोफार प्रांतातील सलालाह शहरानजीकच्या डोंगरावर एक कबर आहे. ती इयोबाची होय, असे तेथील लोक श्रद्धेने मानतात. हा मान अन्य देशांतील स्थळांसही दिला जातो. परंतु लिव्याथानास गळ टाकून मनुष्य ओढू शकेल काय, असे ज्या ग्रंथात परमेश्वर विचारतो, त्याच्या नायकाची कबर देवमाशांच्या समुद्राजवळ असावी, हे आम्हांस अर्थपूर्ण वाटते.

हाच प्रश्न हर्मन मेल्विलच्या ‘मोबी डिक’ (१८५१) या कादंबरीच्या मुळाशी आहे. पांढऱ्या देवमाशाने पाय तोडला म्हणून कप्तान अहाब सूडाने पेटून ‘पेक्वॉड’ जहाज त्याच्या मागे नेतो, ही तिची कथा. तिच्यातील पुढील घटनांचे संकेत तनाख जाणणाऱ्या आपल्या वाचकांस नावांतच सापडतात.

अहाब म्हणताच, ज्याचे रक्त कुत्र्यांनी चाटले तो दुष्ट राजा आठवतो. जहाज बंदर सोडण्यापूर्वी एलिया नावाचा एक फाटका इसम खलाशांस सावध करतो. मलिद्याच्या प्रसंगी आपण ज्यांचे स्मरण करतो, त्या एलियाहू हन्नबींनीच अहाब राजास त्याचा अंत सांगितला होता. त्याआधी प्रार्थनामंदिरात योनाच्या कथेवर प्रवचन होते. किप्पुरच्या दिवशी आपण ऐकतो तीच ही कथा. योना माशाच्या पोटात नमला आणि वाचला; अहाब नमत नाही.

अहाबाला भविष्य कळत नाही, असे नव्हे. फेदल्ला त्यास सांगतो, की समुद्रावर दोन शववाहने पाहिल्यावाचून तुला मरण नाही, आणि ते दोरानेच येईल. समुद्रात शववाहन कोठले, आणि दोर म्हणजे फाशीच, असा सोयीचा अर्थ लावून अहाब निर्धास्त होतो. अखेर देवमाशाच्या पाठीवर फेदल्लाचे प्रेत दिसते, बुडणारे ‘पेक्वॉड’च दुसरे शववाहन ठरते, आणि भाल्याचा दोर अहाबाच्या गळ्याभोवती पडतो.

‘राहेल’ जहाजाचा कप्तान हरवलेला मुलगा शोधण्यास साह्य मागतो, तेव्हा अहाब नकार देतो. मुलांना शोधणारे तेच जहाज पुढे इश्माएलास उचलते. मित्रासाठी केलेल्या शवपेटीच्या आधारे तो एकटाच तरंगत असतो. इश्माएल म्हणजे ‘देव ऐकतो’. उपसंहाराच्या माथ्यावर इयोबाच्या ग्रंथातील, एकटाच वाचून वार्ता आणणाऱ्या निरोप्याचे वचन आहे.

लिव्याथानाविषयीच्या प्रश्नास मनुष्याने पुढे यंत्रबळाने उत्तर दिले. १९६६ मध्ये सोव्हिएत जहाजांनी अरबी समुद्रात दोनशेहून अधिक हंपबॅक देवमासे बेकायदा मारले. आज ओमाननजीक ते शंभरही नसावेत, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांतील ‘लुबान’ नावाची मादी २०१७ च्या अखेरीस समुद्र ओलांडून गोव्याच्या किनाऱ्याकडे आली व २०१८ मध्ये ओमानला परतली.

त्याच समुद्राच्या पूर्व तीरावर नवगाव आहे. तेथे फुटलेल्या जहाजातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, ही आपली परंपरा. त्यांनी आपली कथा पुढील पिढीस सांगितली, म्हणूनच ती आपल्यापर्यंत आली. ती मराठीतून सांगणारी वडीलधारी माणसे अद्याप आपल्या घरांत आहेत. मुलांनी त्यांच्यापाशी बसून ती ऐकून घ्यावी.