मोरीची ओल : आधी पाणी थांबवा, मग लादी बसवा

तानसा धरण 1892 सालापासून मुंबईला पाणी देत आहे. त्याच शहापूर-मुरबाडच्या वस्त्यांत उन्हाळ्यात हंड्यांची रांग लागते आणि पावसाळ्यात नको असलेले पाणी घराच्या भिंतीत शिरते. पाऊस उघडला की मोरीच्या भिंतीचे पोपडे सुटलेले दिसतात, कोपऱ्यात काळी बुरशी धरते, लादी ठोकली तर पोकळ वाजते. मग गवंड्याला बोलावून त्याच ओल्या भिंतीवर नव्या टाईल्स चिकटवल्या जातात. वर्ष-दोन वर्षांत त्या सुटतात आणि कष्टाचा पैसा वाया जातो.

हा प्रश्न केवळ दिसण्याचा नाही. रमाई आवास योजनेचे घरकुल 269 चौरस फुटांचे. एवढ्याशा घरात मोरीची भिंत हीच स्वयंपाकाची किंवा झोपण्याच्या जागेची भिंत असते. बुरशीचे बारीक कण श्वासाबरोबर छातीत जातात. लहान मुले, म्हातारी माणसे आणि दमेकरी यांचा खोकला आणि धाप त्याने वाढते.

पाणी येते कुठून?

सगळे नळ बंद करून टाकी किंवा मीटर पाहा. पातळी उतरत असेल किंवा मीटर फिरत असेल तर पाइप गळतो आहे. मोरीची जाळी कापडाने घट्ट बंद करून तळाशी इंचभर पाणी एक दिवस साठवा. पलीकडच्या भिंतीला ओल फुटली तर दोष तळात आहे. पाऊस पडल्यावरच ओल येत असेल तर बाहेरची भेग, छप्पर किंवा पायाशी साचणारे पाणी तपासा.

दुरुस्तीचा क्रम

1. गळती बंद करा. बाहेरच्या भेगा बुजवा. पायाजवळचे पावसाचे पाणी चर काढून दूर न्या.

2. ओला, भुसभुशीत गिलावा ओलीच्या खुणेच्या वर फूटभर उंचीपर्यंत काढून टाका. वरून रंग लावल्याने आतली बुरशी जात नाही. खरवडताना तोंडाला रुमाल बांधा आणि मुलांना दूर ठेवा. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

3. भिंत पूर्ण वाळू द्या. दिवाळीनंतरचे कोरडे ऊन यासाठी उत्तम. भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून एक दिवस ठेवा. आतून थेंब धरले तर अजून थांबा.

4. तळाला आणि भिंतीला वॉटरप्रूफिंगचा थर द्या. तळ आणि भिंत यांच्या कोपऱ्यात सिमेंटची गोलाई करा, कारण गळती बहुधा तिथूनच सुरू होते. चार फूट लांबीच्या मोरीला जाळीकडे निदान अर्धा इंच उतार हवा. वर सांगितलेली पाणी साठवण्याची परीक्षा पुन्हा घ्या, मगच लादी बसवा.

5. लादी खरखरीत घ्या. गुळगुळीत लादीवर पाय घसरून म्हाताऱ्या माणसांचे खुबे मोडतात. वरच्या बाजूला हवेसाठी झरोका ठेवा.

वीज आणि सांडपाणी

ओल्या भिंतीत वीज उतरते. मोरीचा स्विच बाहेर घ्या, अर्थिंग तपासून घ्या आणि मुख्य बोर्डावर 30 मिलिॲम्पिअरचा अर्थ लीकेज ब्रेकर बसवून घ्या. पाणी तापवायचा रॉड बंद करून, पिन काढल्याशिवाय बादलीत हात घालू नका.

मोरीचे पाणी उघड्यावर सोडले तर डास होतात आणि उंदीर येतात. शोषखड्डा करा, पण विहीर आणि बोअरपासून निदान 50 फूट दूर. 26 जुलै 2005 च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली होती. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून जखमेवाटे हा आजार शिरतो. चिखलपाण्यात काम केल्यावर ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले तर अंगावर न काढता प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि पाण्यात काम केल्याचे डॉक्टरांना सांगा.

अतिवृष्टीने किंवा पुराने घराची पडझड झाली असेल तर दुरुस्तीला हात लावण्याआधी फोटो काढा आणि तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या. एकदा सगळे नीट केले की नुकसान दाखवता येत नाही.

पैसे कमी असतील तर टाईल्स पुढच्या वर्षी बसवा. या वर्षी गळती, उतार आणि वॉटरप्रूफिंग एवढेच करा. साधा सिमेंटचा कोबा असला तरी चालेल, मोरी कोरडी राहिली पाहिजे.