शिळा भात म्हणजे तयार उकड

उरलेल्या कुस्करलेल्या बटाट्यात अंडे, चीज आणि थोडे पीठ घालून ते वाफलच्या साच्यात खमंग भाजायची रीत पाश्चात्त्य घरांत आहे. गोंदियात उरतो तो भात. हा जिल्हा धानाचा आणि राइस मिलचा. उरलेल्या भाताला सकाळी फोडणी ठरलेलीच. फोडणीच्या भाताशी माझे वैर नाही, पण शिळ्या भाताचा खरा गुण त्यात वाया जातो. तांदळाच्या पिठाला गव्हाचा चिवटपणा नसतो, म्हणून भाकरीसाठी उकळत्या पाण्यात त्याची उकड काढतात. उष्णतेने पिष्ट फुगते आणि तेच पीठ धरून ठेवते. शिजलेल्या भातात हे काम आधीच झालेले असते, बटाट्यातही तेच. शेजारच्या छत्तीसगडच्या स्वयंपाकघरांनी हे केव्हाच हेरले. तिथे शिळा भात आणि तांदळाचे पीठ एकत्र मळून, पानांत गुंडाळून निखाऱ्यावर भाजतात, ती अंगाकर रोटी. त्याच पिठाच्या वळकट्या वाफवल्या की फरा. घरी दोन वाट्या भात कोमट पाण्याचा हात लावून कुस्करावा, कारण थंड भाताचे पिष्ट आवळून टणक झालेले असते. त्यात मावेल तेवढे पीठ, हिरवी मिरची, जिरे, मीठ आणि भरपूर सांबार (म्हणजे कोथिंबीर) घालून जाडसर थापावे आणि झाकण ठेवून मंद आचेवर भाजावे. वाफलच्या साच्याची करामत एवढीच की खळग्यांमुळे कुरकुरीत भाग वाढतो. त्यासाठी आप्पेपात्रही चालते.

यात नुसते पिष्टच, हा आक्षेप खरा आहे. थोडे बेसन मिसळले की तो बराच सौम्य होतो. शिळे खाऊ नये, हा आक्षेप मात्र अधिक वजनदार आहे. बॅसिलस सिरिअस या जिवाणूचे बीजाणू भात शिजतानाही तग धरतात आणि भात तासन्‌तास कोमट राहिला की वाढू लागतात. त्यांचे एक विष तर पुन्हा भाजूनही नष्ट होत नाही. तेव्हा ‘तव्यावर सगळे मरते’ ही समजूत चुकीची आहे. पण यात दोष शिळेपणाचा कमी, ठेवण्याच्या पद्धतीचा जास्त. जेवण आटोपताच उरलेला भात ताटात पसरून निववावा, तासाभरात फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. रात्रभर ओट्यावर झाकून राहिलेला भात मात्र कशालाच वापरू नका, अंगाकरलाही नाही.