रात्रीच्या वाटेची विजेरी

खेड्यापाड्यांत टॉर्चला ‘बॅटरी’ म्हणतात आणि तिच्या पोटातल्या बॅटरीला ‘सेल’. शहरातले लोक याला हसतात. पण आम्हांला त्यात थोडे शहाणपणच दिसते. जिचे सारे आयुष्य सेलवर अवलंबून, तिला सेलच्याच कुळातले नाव मिळाले, तर त्यात काय चुकले? विजेरी घेताना आपण मात्र सेलविषयी अवाक्षर काढीत नाही. “किती ल्युमेनची?” एवढेच विचारतो आणि दुकानदार हजार म्हणाला की खुशीने पैसे मोजतो.

ल्युमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो पसरलेला आहे की एकवटलेला, हे त्या आकड्यावरून कळत नाही. एकवटलेल्या झोताची तीव्रता कँडेलात मोजतात, आणि पल्ला तिच्यावर ठरतो. अमेरिकेत २००९ साली विजेऱ्यांच्या मोजमापाचे जे मानक ठरले, त्यात पल्ला म्हणजे प्रकाश पाव लक्स उरतो तेथवरचे अंतर. पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेचे चांदणे. २५०० कँडेलाचा पल्ला १०० मीटर. तो २०० करायचा तर कँडेला चौपट, म्हणजे १०,००० लागतात. तेव्हा वेष्टनावर ‘२०० मीटर’ असे छापले असेल तर तिथला दगडधोंडा स्पष्ट दिसेल असे कोणी समजू नये. तिथे चांदणे पडेल, इतकेच.

याच मानकात आणखी एक मेख आहे. विजेरी किती तास चालते हे मोजताना प्रकाश सुरुवातीच्या दहाव्या हिश्शावर येईपर्यंतचा वेळ धरतात. ‘१००० ल्युमेन, ६ तास’ याचा अर्थ सहा तास हजार ल्युमेन असा मुळीच नव्हे. मुठीत मावणाऱ्या विजेरीला एवढ्या प्रकाशाची उष्णता बाहेर टाकता येत नाही. थोड्याच मिनिटांत ती आपला प्रकाश आपणच उतरवते. म्हणून विचारायचे ते मधल्या पायरीविषयी: ती किती ल्युमेनची आणि किती तास टिकते? पायवाटेने चालायला ५० ते १०० ल्युमेन पुष्कळ झाले. चुकलेली वाट शोधताना दोनतीनशे हाताशी असावेत. आणि तंबूत डबा उघडायला एकदोन ल्युमेनची मंद पायरी नसेल, तर ती विजेरी आम्ही घेणार नाही.

आता हातातली की कपाळावरची? आम्ही एकदा कळसूबाईला पहाटेपूर्वी चढत होतो. लोखंडी शिडीशी दोन्ही हात गुंतले, तेव्हा विजेरी दातांत धरली. ती निसटली आणि आपला उजेड गरगरवीत खाली गेली. उरलेल्या पायऱ्या आम्ही मागच्या सोबत्याच्या उजेडात चढलो, आणि प्रत्येक पायरीवर आमचीच सावली पडत होती. परत आल्यावर पहिली खरेदी हेडटॉर्चची केली.

पण कपाळावरच्या दिव्याचाही एक दोष आहे. तो डोळ्यांच्या अगदी जवळ असल्यामुळे दगडाची सावली दगडामागेच लपते. वाटेतले खड्डे-उंचवटे सपाट भासतात. हातातली विजेरी कमरेच्या उंचीवर धरली की त्याच सावल्या लांब पडून खळगे सांगू लागतात. धुक्यात तर कपाळावरचा प्रकाश थेंबांवरून उलटून थेट डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. सह्याद्रीत पावसाळ्यात हे नेहमीचेच. म्हणून शिडीला, स्वयंपाकाला, दोर बांधायला कपाळावरचा दिवा. उताराला आणि धुक्याला हातातली विजेरी. दोन्ही जवळ असाव्यात, म्हणजे एक बिघडली तरी दुसरी राहते.

रंगाकडेही पाहावे. निळसर पांढरा प्रकाश डोळ्यांना प्रखर वाटतो, पण त्यात पाचोळा, माती आणि फुरसे यांचा तपकिरी रंग एकमेकांत मिसळतो. ४००० केल्व्हिनच्या आसपासचा, किंचित पिवळसर आणि रंग खरे दाखवणारा प्रकाश इथे उपयोगी. मण्यार रात्रीच हिंडते. रात्री पिकाला पाणी द्यायला जावे लागणाऱ्याला दूरवरचा झोत काय कामाचा? त्याला पावलांपुढची चार हात जागा रुंद उजळलेली हवी, आणि पायांत बूट हवेत.

सेलविषयी थोडक्यात. साधे अल्कलाइन सेल विजेरीत महिनोन्‌महिने ठेवले तर पाझरतात आणि आतले पितळ खातात. काम नसताना काढून ठेवावेत. १८६५० हा लिथियम सेल, १८ मिलिमीटर जाड नि ६५ लांब, ताकदवान खरा; पण सुटा सेल किल्ल्यांबरोबर खिशात टाकू नये, टोके जुळली तर पेटतो. दुर्गम गावांतून हिंडणाऱ्याने मात्र कुठल्याही किराणा दुकानात मिळणारे पेन्सिल सेल चालतील अशी विजेरी घ्यावी. थैलीत ती आपोआप पेटू नये म्हणून मागचे झाकण अर्धा आटा सैल करून ठेवतात. सगळ्याच विजेऱ्यांत ही सोय नसते, घेतानाच करून पाहावे. पाण्यासाठी आयपीएक्स-४ म्हणजे केवळ शिंतोडे. आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. जून ते सप्टेंबर बाहेर पडणाऱ्याने ७ घ्यावे.

काळोखाला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटे लागतात, आणि कोणी तोंडावर झोत मारला की ती क्षणात वाया जातात. बोलताना कपाळावरचा दिवा खाली वळवावा. मंद लाल दिव्याची सोय त्यासाठीच असते. राजमाची किंवा भंडारदऱ्याला पावसाच्या तोंडावर काजवे पाहायला जाणाऱ्यांनी तर विजेरी शक्यतो बंदच ठेवावी. ते प्रकाशाच्याच खुणांनी जोडीदार शोधतात, आपल्या झोताने त्यांचे संभाषण तुटते.

डोंगरात अडकलात, तर मिनिटाला सहा वेळा प्रकाश दाखवावा, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा वेळा. मिनिटाला तीन वेळा उत्तर आले, की खूण पोचली असे समजावे. नवी विजेरी घेतल्यावर या खुणेसकट तिची सगळी बटणे एकदा गच्चीवर, काळोखात, डोळे मिटून दाबून पाहावीत.