जोडीदारावर ठरणारा वितळबिंदू

शिरूर कासारात एखाद्या घराचा स्लॅब पडतो, तेव्हा त्यातली सळई जालन्याची असू शकते. तिथल्या इंडक्शन भट्ट्यांत भंगार आणि स्पंज आयर्न वितळवून पोलाद करतात. ओतण्याआधी रस सुमारे १,६०० अंश सेल्सिअसला आला की नाही, हे पाहावे लागते. त्यासाठी लांब दांड्याला पुठ्ठ्याची नळी बसवून तिच्या टोकाची टिप रसात बुडवतात. टिपेत क्वार्ट्‌झच्या वाकड्या नळीतून दोन बारीक तारा गेलेल्या असतात. प्रचलित जोडीत एक तार शुद्ध प्लॅटिनमची, दुसरी प्लॅटिनममध्ये १० टक्के ऱ्होडियम मिसळलेली. ही जोडी १८८०च्या दशकात फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ल शातेलिए यांनी रुळवली.

तारांचा जोड तापला आणि दुसरी टोके थंड राहिली, की त्या टोकांमध्ये व्होल्टेज उभे राहते. थंड टोके शून्य अंशावर धरली, तर १,६०० अंशाला ते जेमतेम १६.८ मिलिव्होल्ट भरते. काही सेकंदांत आकडा येतो आणि टिप कामातून जाते.

प्लॅटिनम १,७६८ अंशाला वितळते, म्हणजे मोकळीक थोडीच. त्यात त्याचा वैरी सिलिकॉन. स्वतः १,४१४ अंशाला वितळणारा सिलिकॉन प्लॅटिनमशी संयुगे करतो आणि त्या मिश्रणाचा वितळबिंदू सुमारे ८३० अंशांपर्यंत घसरतो. क्वार्ट्‌झमध्येही सिलिकॉन आहेच, पण ऑक्सिजनला घट्ट बांधलेला. काही सेकंदांत त्याचा त्रास होत नाही. भट्टीत कायम बसवलेल्या अशा तारजोडीची, म्हणजे थर्मोकपलची, गोष्ट वेगळी. ऑक्सिजन खेचून घेणाऱ्या वायूंत तो सिलिकॉन हळूहळू सुटतो, तारेच्या कणांमधल्या सीमांत शिरतो आणि तार तुटते. म्हणून तिथे शुद्ध ॲल्युमिनाचे कवच लागते.

आता उलट उदाहरण. प्लॅटिनमच्याच कुळातले रुथेनियम २,३३४ अंशाला वितळते, ॲल्युमिनियम अवघ्या ६६० अंशाला. दोन्हींचे अणू समसमान घेतले, की होणारे रुथेनियम ॲल्युमिनाइड २,००० अंशांपुढेही घनच राहते. घनाच्या कोपऱ्यांवर एक अणू, मध्यभागी दुसरा, अशी त्याची मांडणी. भिन्न अणूंमधले बंध इतके घट्ट, की सरासरीचा हिशेब इथे कोलमडतो. अशी संयुगे सहसा ठिसूळ असतात. हे मात्र सामान्य तापमानालाही बऱ्यापैकी चिवट निघाले. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या फ्लायशर यांच्या कामातून ते पुढे आले.

तापल्यावर त्यावर ॲल्युमिनाचा थर चढतो आणि आतला भाग राखतो. त्यामुळे टर्बाइनच्या पात्यांवरील लेप, स्पार्क प्लगची टोके, कडक उष्णतेतल्या संवेदकांचे पातळ इलेक्ट्रोड यांसाठी त्याचा विचार झाला. अडचण अशी, की ॲल्युमिनियम थरात खर्ची पडले की खाली रुथेनियम उरते आणि त्याचे ऑक्साइड वायू होऊन उडून जाते. शिवाय रुथेनियम महाग. अख्खे पाते त्याचे घडवण्यात मला अर्थ दिसत नाही. पातळ लेपापुरते ते परवडेल.