नित्य मनन आणि अल क्वोजमधील शेजारी

सकाळी कामाला निघण्यापूर्वी बायबलमधील एक उतारा वाचावा, त्यावर काही क्षण मनन करावे, छोटी प्रार्थना करावी आणि दिवसभरासाठी एक निश्चय मनाशी बाळगावा, ही ख्रिस्ती उपासनेतील फार जुनी रीत आहे. वसई, अहिल्यानगर, पुणे, मुंबई येथून आखातात आलेल्या अनेक मराठी ख्रिस्ती कुटुंबांनी ती परक्या भूमीतही जपली आहे. पूर्वी त्यासाठी उशाशी पुस्तिका असे. आता उतारा भ्रमणध्वनीवर येतो. श्रद्धा, नम्रता आणि प्रेमपूर्वक सेवा हे तीन शब्द या मननांत पुन्हा पुन्हा भेटतात. ते इतके परिचित झाले आहेत की त्यांचा अर्थ थांबून तपासण्याची गरज वाटेनाशी होते. दुबईतील अल क्वोजसारख्या वस्तीत मात्र तो तपासावाच लागतो.

एकाच वस्तीतील दोन जगे

अल क्वोज हा परिसर शेख झायेद रस्ता आणि अल खैल रस्ता यांच्या दरम्यान पसरला आहे. गोदामे, छापखाने, सुतारकामाचे कारखाने, मोटारदुरुस्तीच्या कार्यशाळा येथे आहेत. जुन्या गोदामांचे रूपांतर करून उभी राहिलेली अलसरकल अ‍ॅव्हेन्यूची कलादालनेही येथेच आहेत. याच परिसरात कामगारांची निवासस्थाने आहेत. एका खोलीत दाटीने राहणारे बांधकाम मजूर, सफाई कामगार आणि वाहनचालक पहाटे बसने कामावर निघतात. काही वेळाने त्याच रस्त्यांवर अभियंते, लेखापाल आणि व्यवस्थापक यांच्या मोटारी येऊ लागतात. दोन्ही गटांत भारतीय आहेत, आणि मराठीही आहेत. त्यांची भेट रोज होते. ओळख मात्र क्वचितच होते.

उपासनेसाठी येथील ख्रिस्ती मंडळी ऊद मेथा येथील सेंट मेरीज चर्चमध्ये किंवा जबल अली येथील चर्चच्या संकुलात जातात. पूर्वी आठवड्याची मुख्य उपासना बहुतेकांसाठी शुक्रवारी होत असे. 2022 च्या आरंभापासून देशाची सरकारी साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवार झाली आणि रविवारची उपासना अनेकांना शक्य झाली. तरीही पाळीनुसार काम करणाऱ्या मजुराला चर्च गाठता येईलच असे नाही. त्याच्यासाठी रोजचे मनन हाच श्रद्धेचा मुख्य आधार ठरतो.

मननाची रीत

नित्य मनन म्हणजे केवळ वाचन नव्हे. उतारा सावकाश वाचणे, त्यातील एखादा शब्द मनात घोळवणे, तो आपल्या आजच्या दिवसाशी लावून पाहणे आणि त्यातून एखादी कृती ठरवणे, असे त्याचे टप्पे आहेत. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी त्याला सायंकाळच्या आत्मपरीक्षणाची जोड दिली. दिवसाच्या अखेरीस कृतज्ञतेने मागे वळून पाहावे, कोठे चुकलो ते ओळखावे आणि उद्याचा संकल्प करावा, असा हा क्रम आहे. सकाळचे मनन उदात्त असू शकते. त्याचा खरेपणा सायंकाळी कळतो.

मराठी मनाला ही रीत परकी वाटू नये. आपल्याकडे नित्यनेमाची परंपरा आहे आणि मराठी ख्रिस्ती साहित्य आरंभापासून तिच्याशी नाते सांगत आले आहे. इंग्लंडहून गोव्यात आलेले फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 मध्ये ‘क्रिस्तपुराण’ सिद्ध केले, ते सुमारे अकरा हजार ओव्यांत. रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण अभंग सोडला नाही. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशीच त्यांची भावना होती.

नम्रतेची विसरलेली बाजू

नम्रता म्हणजे स्वतःला कमी लेखणे, असा एक समज आहे. योहानाच्या शुभवर्तमानातील प्रसंग वेगळे काही सांगतो. अखेरच्या भोजनाच्या वेळी येशू कमरेला रुमाल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतो. हे दासाचे काम होते. यावरून नम्रता म्हणजे वाकून सेवा करणे, असा बोध आपण घेतो, आणि तो योग्यच आहे. परंतु त्याच प्रसंगात पेत्र आपले पाय धुवून घ्यायला नकार देतो. त्यावर येशू त्याला बजावतो की ही सेवा स्वीकारली नाहीस, तर माझ्याशी तुझा वाटा राहणार नाही. सेवा करण्यापेक्षा ती कृतज्ञतेने स्वीकारणे अधिक कठीण असते, हे पेत्राच्या संकोचातून उमगते.

याच शुभवर्तमानात येशू विहिरीवर आलेल्या शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागतो. यहुदी आणि शोमरोनी यांच्यात व्यवहार नव्हता. म्हणूनच ती चकित होते. संवादाचा आरंभ देण्याने होत नाही, मागण्याने होतो.

महाराष्ट्राला पाण्याचा हा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. टिळकांच्या धर्मांतरानंतर लक्ष्मीबाई टिळक पुन्हा पतीसोबत राहू लागल्या, तेव्हा सोवळेओवळे त्यांच्याबरोबर होतेच. ते एका दिवसात सुटले नाही. कोणाच्या हातचे पाणी प्यावे, कोणाच्या हातचे अन्न खावे, या रोजच्या प्रश्नांतून त्या बदलत गेल्या आणि 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा बदल त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त निर्मळ विनोदाने सांगितला आहे. ज्याच्या हातचे काही घेणे आपण टाळतो, त्याच्याविषयीची आपली समतेची भाषा अपुरीच असते.

घेणारे हात देणारे होतात

पंडिता रमाबाईंच्या कार्यातून याची दुसरी बाजू दिसते. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली व स्त्रिया आणल्या आणि पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्ती मिशन उभे राहिले. रमाबाईंनी त्यांना केवळ अन्न दिले नाही. शेती, विणकाम, छपाई अशी कामे शिकवली. पुढे रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचा सोप्या मराठीत अनुवाद केला, तेव्हा त्याच्या छपाईचे काम आश्रमातील स्त्रियांच्याच हातून झाले. दुष्काळातून वाचलेले हात आता मराठी वाचकांना ग्रंथ देत होते. सेवा घेणाऱ्याला कायम घेणाराच ठेवत असेल, तर ती नम्र नसते. रमाबाईंच्या सेवेने त्याला देणारा बनवले.

सेवेआधी न्याय

अल क्वोजच्या संदर्भात आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सणाला मजुरांना जेवण देणे चांगलेच आहे. पण याकोबाचे पत्र धनवंतांना त्याहून कठोर गोष्ट सुनावते. शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडत असते आणि ती हाक देवाच्या कानी जाते, असे त्याचे सांगणे आहे. वाचकांपैकी अनेकजण देयके मंजूर करतात, कामाच्या पाळ्या ठरवतात, ठेकेदार निवडतात. त्यांचे मनन त्या सहीपर्यंत पोहोचले पाहिजे.

येथील कायदाही या बाबतीत मुका नाही. वेतन बँकेमार्फत वेळेवर जमा व्हावे यासाठी 2009 पासून वेतन संरक्षण प्रणाली आहे. 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी 12.30 ते 3 उघड्यावर काम करवून घेण्यास मनाई आहे. कामगाराचे पारपत्र मालकाने अडवून ठेवणे बेकायदा आहे. हे नियम आपल्या हाताखालील ठेकेदार पाळतो का, हे पाहणे ही सेवाच आहे.

सेवेच्या उत्साहात दोन मर्यादाही लक्षात ठेवाव्यात. मदतीसाठी निधी गोळा करण्याची मुभा येथे केवळ परवानाधारक संस्थांना आहे. परस्पर वर्गणी काढणे महागात पडू शकते. धार्मिक मेळावेही अधिकृत उपासनास्थळीच घ्यावे लागतात. या चौकटीत राहूनही करण्यासारखे पुष्कळ उरते. कार्यालयात चहा आणणाऱ्याचे नाव विचारणे, त्याला बरोबरीने बसवून त्याची चौकशी करणे, त्याची तक्रार योग्य ठिकाणी पोहोचवणे, यासाठी परवाना लागत नाही.

सायंकाळच्या आत्मपरीक्षणात आज मी कोणाला काय दिले, हा प्रश्न आपण सहज विचारतो. त्याआधी दुसरा विचारावा: आज मला कोणाकोणाच्या श्रमांनी वाहून नेले, आणि त्यांपैकी कितीजणांची नावे मला ठाऊक आहेत? याचे उत्तर प्रामाणिकपणे शोधू लागले की श्रद्धा, नम्रता आणि सेवा हे शब्द उताऱ्यातून बाहेर पडतात आणि रस्त्यापलीकडच्या निवासस्थानात राहणारा माणूस आपला शेजारी होऊ लागतो.