खडी-सफाई यंत्रे, रेल्वेमार्गाची

रेल्वेमार्गाच्या स्लीपरांखालील व बाजूंची खडी उकरून काढून ती चाळणाऱ्या आणि स्वच्छ खडी पुन्हा जागच्या जागी पसरणाऱ्या यंत्रांना खडी-सफाई यंत्रे म्हणतात. रुळांवरून चालणारे हे यंत्र रूळ व स्लीपर न काढता हे काम करते.

खडीच्या थराची कामे अनेक आहेत. गाडीचा भार स्लीपरांकडून घेऊन तो खालच्या मातीच्या भरावावर विस्तृत क्षेत्रात पसरविणे, पावसाच्या पाण्याचा त्वरित निचरा करणे, मार्गाला लवचिकपणा देणे आणि रूळ उभे-आडवे सरकू न देणे ही त्यांतील प्रमुख होत. यासाठी कठीण दगडाची, धारदार कडांची खडी वापरतात. गोल गोटे एकमेकांत अडकून राहत नाहीत. भारतीय रेल्वेत खडीचे आकारमान साधारणतः २० ते ६५ मिमी. असते. खडीच्या तुकड्यांमधील मोकळ्या जागा हा थराचा दोष नसून त्याचा मुख्य गुण होय, कारण निचरा त्यांवरच अवलंबून असतो.

खडी मळण्याची कारणे : या मोकळ्या जागा हळूहळू बुजत जातात. गाड्यांच्या आघातांनी खडीच्या कडा झिजतात व तिचा भुगा होतो. मार्ग समतल ठेवण्यासाठी खडी ठासणाऱ्या यंत्रांच्या दात्यांनीही तुकडे फुटतात. वाघिणींतून सांडलेला कोळसा व खनिज, वाऱ्याने आलेली धूळ आणि वनस्पतींचे अवशेष यांची त्यात भर पडते. निचरा थांबला की भरावाची माती भिजून मऊ होते. प्रत्येक चाकागणिक स्लीपर खाली दाबला जाऊन पुन्हा उचलला जातो आणि पंपाप्रमाणे चिखल वर येतो. हाच मळ उन्हाळ्यात सुकून घट्ट होतो व खडीचा लवचिकपणा नाहीसा करतो. अशा मार्गावर वरून कितीही ठासणी केली, तरी रुळांची पातळी फार दिवस टिकत नाही.

अमेरिकेतील वायोमिंग राज्याच्या पावडर रिव्हर खोऱ्यातील कोळसा वाहून नेणाऱ्या मार्गावर मे २००५ मध्ये लागोपाठच्या दोन दिवशी दोन गाड्या रुळांवरून घसरल्या. खडीत साचलेली कोळशाची भुकटी व तिने धरून ठेवलेले पाणी यांचा या घटनांशी संबंध जोडण्यात आला. कोळशाची भुकटी पाणी मोठ्या प्रमाणात धरून ठेवते, म्हणून ती दगडाच्या भुग्याहून अधिक घातक ठरते.

हातांनी सफाई : यंत्रे येण्यापूर्वी हे काम गँगमन करीत आणि काही ठिकाणी ते अद्यापही हातांनीच केले जाते. दोन स्लीपरांमधील खडी काढून रुळाला तात्पुरता लाकडी ठोकळ्यांचा आधार देतात. मग लगतच्या स्लीपरखालची खडी ओढून घेऊन ती पंजांनी व चाळणीने साफ करतात आणि परत भरतात. हाच क्रम पुढे एकेका स्लीपरला लावतात. काम चालू असता गाड्या त्याच मार्गावरून सावकाश जात असल्याने सतत सावध राहावे लागते. अडीचशे किग्रॅ.हून अधिक वजनाच्या काँक्रीट स्लीपरांमुळे आणि वाढत्या वाहतुकीमुळे ही पद्धत अपुरी पडू लागली.

रचना व कार्य : यंत्राचा मुख्य भाग म्हणजे दातेरी पट्ट्या बसविलेली अखंड साखळी होय. प्रारंभी मार्गाखाली आडवा चर खणून त्यात साखळीला दिशा देणारा दांडा सरकवितात व तो दोन्ही बाजूंच्या उभ्या पन्हाळींना जोडतात. मग साखळी पंचकोनी मार्गाने मार्गाभोवती फिरू लागते : स्लीपरांखालची खडी खरवडून ती एका पन्हाळीतून वर नेते आणि दुसऱ्या पन्हाळीतून रिकामी परत येते. खोदाईच्या तळाला बाजूकडे उतार देतात, त्यामुळे पाणी मार्गाखाली साचून राहत नाही.

वर आलेली खडी एकाखाली एक बसविलेल्या कंपनशील चाळण्यांवर पडते. फाजील मोठे दगड आणि बारीक भुगा व माती वेगळी होऊन वाहक पट्ट्याने मार्गापासून दूर फेकली जातात किंवा वाघिणींत भरली जातात. योग्य आकाराची खडी दुसऱ्या पट्ट्यांवरून खोदाईच्या लगेच मागे पसरली जाते. ऑस्ट्रियातील प्लासर अँड थॉयरर या कंपनीचे आरएम-८० हे यंत्र भारतात परिचित आहे. या कंपनीशी संलग्न कारखाना फरीदाबाद येथे आहे. तासाला ६०० घ. मी. खडी हाताळणारे यंत्र, दर मीटर मार्गामागे २ घ. मी. खडी धरल्यास, तासाला ३०० मी. पुढे जाऊ शकेल. दांडा बसविणे व काढणे, घट्ट झालेली खडी, तारा व फाटके यांच्या अडथळ्यांमुळे प्रत्यक्षातील प्रगती यापेक्षा कमी असते.

सफाईनंतरचा काळ : सफाईत मार्गाला धरून ठेवणारा थरच मोकळा केला जातो, म्हणून ताजा साफ केलेला मार्ग काही काळ अधिक नाजूक असतो. चाळणीत गेलेल्या खडीची तूट वाघिणींतून नवी खडी टाकून भरून काढतात. ठासणी यंत्राने रुळांची पातळी व रेषा साधतात आणि स्थिरीकरण यंत्राने मार्गाला दाबाखाली आडवी कंपने देऊन खडी बसवितात. तोपर्यंत गाड्यांचा वेग मर्यादित ठेवून तो टप्प्याटप्प्याने वाढवितात. लांब जोडलेल्या रुळांच्या मार्गावर तर तापमानाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. असे रूळ उन्हात प्रसरण पावू पाहतात आणि त्यांना रोखणारी खडी ढिली असल्यास मार्ग बाजूला वाकतो. म्हणून रुळांचे तापमान ठरावीक मर्यादेत असतानाच हे काम करतात. मार्ग काही तास वाहतुकीस बंद ठेवल्याखेरीज यंत्र चालविता येत नाही. गर्दीच्या मार्गांवर यंत्रापेक्षा हा वेळच अधिक दुर्मिळ असतो. मात्र सफाई लांबविल्यास पुढे वेगमर्यादेच्या रूपाने तोच वेळ खर्ची पडतो.

इतर प्रकार : स्लीपरांच्या टोकांबाहेरील खडीच तेवढी साफ करणारी यंत्रेही असतात. ती स्लीपरांखालील आधार हलवीत नाहीत, पण कडेचा बुजलेला निचरा मोकळा करतात. संपूर्ण सफाई लांबविण्यास त्यांचा उपयोग होतो.

भारतीय रेल्वेच्या नियमांनुसार खोल सफाई दहा वर्षांतून निदान एकदा करणे अपेक्षित आहे. दख्खनच्या पठारावर खडीसाठी बेसाल्ट हा उत्तम दगड मुबलक मिळतो. परंतु तेथील काळी कापसाची मृदा पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. अशा भरावावर चिखल खालून येत असल्याने केवळ वरची खडी साफ करून भागत नाही. खडी व माती यांमध्ये दाणेदार पदार्थाचा अवरोधक थर देणे आणि बाजूची गटारे मोकळी ठेवणेही आवश्यक असते. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर चाळून निघालेली माती कडेला पडून राहिल्यास पहिल्या पावसात ती पुन्हा खडीत व गटारांत जाते, म्हणून ती पावसाळ्यापूर्वी वाघिणींतून हलवितात. भुयारे व नागरी मेट्रो यांसारख्या ठिकाणी काँक्रीटच्या पाट्यावर रूळ बसवून खडीचा वापर टाळतात. असे मार्ग उभारण्यास महाग पडतात, पण त्यांना सफाई लागत नाही.